दोघांचा उपास

शैलाताई कर्णिक माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते बटणाबद्दल.

जर्मनीत स्टुटगार्टला येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. प्रसादची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी त्सुफेनहाउझेनला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. तो सकाळी जायचा तो संध्याकाळी उगवायचा. मी तान्ह्या निनादला घेऊन घराच्या चार भिंती बघत बसायची. त्या दिवशी धीर करून एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, बसले होते आणि निनादशी मोठमोठ्याने बोलत होते, कारण माझं बोलणं कुणाला कळणार नाही याची मला खात्री होती. समोर साठीच्या आतबाहेरची एक बाई बसली होती. आखूड कापलेले पांढरे केस, करडा कोट, कपाळ मोकळं. तुर्की असेल किंवा इटालियन, असं मी मनाशी धरलेलं. ती बराच वेळ माझ्या कोटाकडे टक लावून बघत होती. मी अवघडून दुसरीकडे बघायला लागले, तशी ती पुढे वाकली आणि स्वच्छ दादरच्या मराठीत म्हणाली, "आल्झो, ते वरून दुसरं बटण एका दोऱ्यावर लोंबतंय. पडलं तर तसं इथे मिळायचं नाही."

मी तोंडाचा आ करून बघत राहिले. त्यांनी पिशवीतून सुई काढली, चालत्या गाडीत एका झटक्यात ओवली, आणि मला दोऱ्याचा एक तुकडा दिला. "हा दातात धर. अंगावरचा कपडा शिवताना तोंडात दोरा धरायचा असतो, आईने सांगितलं नाही का?"

आजूबाजूचे जर्मन वर्तमानपत्रांवरून डोळे वर करून बघत होते. मी दातात दोरा धरून बसलेली, मांडीवर पोर, आणि एक अनोळखी बाई माझ्या कोटाचं बटण टाचतेय. शेवटचा टाका घालून त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "आता बोल. पुण्याची ना? हेल कळतो."

फॉयरबाखला बटणं, चेन, लोकर, लेस विकणारं एक छोटंसं दुकान होतं. शैलाताई तिथे कितीतरी वर्षं काम करत होत्या. त्यामुळे माणूस दिसला की त्यांची नजर आधी त्याच्या बटणांवर जायची. चेहरा नंतर. आमच्या ओळखीत कुणाचा विषय निघाला आणि त्यांना नाव आठवलं नाही, तर त्या म्हणायच्या, "तो गं, निळ्या जॅकेटवर एक बटण काळं लावलेला." आणि 'आल्झो' त्यांचा श्वासच होता. जर्मन माणूस वाक्य सुरू करताना हा शब्द टाकतो, आपण 'तर मग' म्हणतो तसा. त्या तो मराठी वाक्याच्याही आधी लावायच्या, स्वामींच्या पोथीआधी श्रीगणेशा म्हणावा तितक्या नेमाने.

त्यांच्या यजमानांना आम्ही कर्णिककाका म्हणायचो. त्या ताई आणि ते काका, हे नातं कुठल्या हिशेबात बसतं ते कुणी विचारलं नाही. ते जमून गेलं होतं. ताईंना काकू म्हणवत नव्हतं आणि काकांना भाऊ म्हणण्याची कुणाची हिंमत नव्हती. काका उंच, ताठ, मोजकं बोलणारे. सत्तरच्या दशकात यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आले आणि तिथेच राहिले. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते. जेवायला सातला बोलावलं तर सातच्या ठोक्याला बेल वाजायची. गप्पा रंगात आल्या की ते हसायचे नाहीत, फक्त भुवया वर करायचे. आम्ही तरुण मंडळी त्यांच्या भुवयांवरून विनोद जमला की नाही ते ठरवायचो.

शैलाताईंना नवऱ्याचा फार अभिमान. "आमच्या ह्यांनी एकदा शब्द दिला की दिला," हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेन. त्या त्यांना 'अहो' म्हणायच्या. त्या एका 'अहो'मध्ये इतके प्रकार होते की बाहेरच्या खोलीत बसून आम्हाला कळायचं, आता चहा झालाय, आता चष्मा सापडत नाहीये, आता रागावल्या आहेत.

मला त्यांनी जर्मनी शिकवली. कुठल्या पिठाच्या पोळ्या लुसलुशीत होतात, कुठल्या तुर्की दुकानात कोथिंबीर ताजी मिळते, डॉक्टरकडे गेल्यावर रिसेप्शनवरच्या बाईशी भांडायचं नसतं, तिला आधी हवामानाबद्दल विचारायचं असतं. आणि केअरवोखं. श्वाबियातल्या, म्हणजे आमच्या त्या भागातल्या, इमारतींत जिना झाडायची पाळी असते, आठवड्याआठवड्याने एकेका बिऱ्हाडाची. माझ्या पाळीला मी जिना चांगला झाडून पुसून ठेवला होता, तरी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली की मी झाडलंच नाही. मी रडकुंडीला आले. शैलाताई आल्या, माझ्या हातातला झाडू घेतला आणि शनिवारी सकाळी, सगळे बाजारात जायला बाहेर पडतात त्या वेळी, आधीच स्वच्छ असलेला जिना खणखणीत आवाज करत झाडू लागल्या. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून अस्सल श्वाबी बोलीत "ग्र्यूस गॉट" म्हणत होत्या. खालच्या बाई दार उघडून बघतात तो शैलाताई पायरीचा कोपरा टाचणीने टोकरत होत्या.

"आल्झो, लक्षात ठेव," वर येऊन झाडू ठेवत म्हणाल्या, "इथे जिना स्वच्छ असून भागत नाही. झाडताना दिसायला लागतं."

त्यानंतर खालच्या बाई मला नाताळात बिस्किटं देऊ लागल्या.

एवढ्या बोलक्या बाई, पण एका प्रश्नावर त्या थांबत. नवीन आलेली एखादी मुलगी विचारायची, "ताई, तुम्हाला मुलं किती?" तेव्हा त्या "आहे एक मुलगी," म्हणून उठायच्या आणि स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला लागायच्या. त्यांच्या घरात एक खोली बंद असायची. दिवाणखान्यात काकांच्या आईवडिलांचा फोटो होता, मुलीचा कुठेच नव्हता.

मला कळलं ते चकल्या करताना. दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे भाजणी आली होती मुंबईहून. त्या सोऱ्या दाबत होत्या, मी तळत होते. पहिला घाणा काढला तेव्हा त्यांनी एक चकली उचलली, बाहेरच्या टोकापासून उलगडत मोडत नेली आणि मधला एवढासा बिंदू उरल्यावर तो माझ्या हातावर ठेवला. "मेधा असं खायची. मधला माझ्यासाठी ठेवायची."

मग सोऱ्या खाली ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. मेधा त्यांची एकुलती एक. ट्युबिंगेनला डॉक्टरकी शिकत होती. काकांनी ती जन्मायच्या आधीपासून तिच्या डॉक्टर होण्याची तयारी केलेली. ती शिक्षण अर्धवट टाकून घरी आली आणि म्हणाली, मला हे करायचं नाही, मी योखेनबरोबर राहणार आहे. योखेन सुतारकाम करायचा. जुनी लाकडी चौकटींची घरं दुरुस्त करायचा. हाइलब्रॉनच्या बाजूला कुठेतरी त्याचं गाव होतं.

"हे काहीच बोलले नाहीत. जेवण संपवलं. हात धुऊन आले आणि म्हणाले, आजपासून या घरात तिचं नाव निघालं तर मी उठून निघून जाईन. झालं." शैलाताईंचे हात पिठाने भरलेले होते, ते त्यांनी मांडीवर तसेच उलटे ठेवले होते. "दोन महिन्यांनी तिचा फोन आला. मी उचलला. ती 'आई' म्हणाली. हे समोर उभे होते, माझ्याकडे बघत. मी ठेवून दिला गं. माझ्या हाताने ठेवला."

कढईतल्या चकल्या लाल होऊन गेल्या.

"मग आला नाही फोन. नंबरही बदलला तिने." त्या म्हणाल्या. "पण ह्यांनाही कमी का त्रास झालाय! रात्र रात्र कूस बदलतात. बोलत नाहीत, पण मला कळतं. शब्दाचे पक्के आहेत ना. दोघांनी मिळून धरलेला उपास आहे हा. एकाने कसा सोडायचा?"

त्यांना त्या विचाराचा आधार होता. मुलगी गेली, पण नवरा त्याच दुःखात आपल्या शेजारी बसलाय, एवढ्यावर त्यांनी ती वर्षं काढली होती.

काका निवृत्त झाल्यावर एका भटक्या क्लबात जायला लागले. जर्मन म्हाताऱ्यांना डोंगर तुडवायची हौस असतेच. एक रविवार आड पाठीवर पिशवी आणि पायात जाड बूट घालून काका सकाळी बाहेर पडायचे, संध्याकाळी परत यायचे. शैलाताई डबा करून द्यायच्या. "मन रमतं त्यांचं," म्हणायच्या. "चेहऱ्यावर जरा तजेला आलाय बघ."

ते खरंच होतं. आलाच होता.

गणपती नुकतेच झाले होते. दोघं आमच्याकडे जेवायला आली होती. पिठलं, भाकरी, ठेचा. निनाद आता दुडूदुडू धावायला लागला होता. प्रसाद म्हणाला, पुढच्या रविवारी रोटेनबुर्ग बघून यायचा बेत आहे. काकांनी भुवया वर केल्या.

"रोटेनबुर्गला काय, सगळं जग लोटतं. विम्फेनला जा. बाड विम्फेन. नेकारच्या काठावर, उंचावर आहे. लहानसं गाव, पण घरं बघा तिथली. राजवाड्याच्या दगडी कमानी उरल्यात, तिथे उभं राहिलं की खाली नदी दिसते." काका एवढं लांब बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते निनादकडे बघून पुढे म्हणाले, "फक्त स्टेशनाकडून सरळ वर चढू नका. पायऱ्या लागतात, बाबागाडी उचलून न्यावी लागते. वळसा घालून रस्ता आहे, लांब पडतो, पण चाकं नीट चालतात."

शैलाताई त्यांच्या ताटात पिठलं वाढत होत्या. त्या थांबल्या नाहीत. वाढलं, वाटी ठेवली, आणि मग विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात, अहो?"

"क्लबबरोबर. मागे एकदा."

"हो का," त्या म्हणाल्या आणि प्रसादला भाकरी हवी का ते विचारायला वळल्या.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "आल्झो, विम्फेनलाच जाऊ या. मी पण येते. एका तिकिटावर पाच जण जातात, तुम्ही दोघंच कशाला."

"काका?"

"त्यांची क्लबची भटकंती आहे रविवारी. आणि हे बघ, त्यांना आधी सांगू नकोस. मला त्यांना चकित करायचंय."

मला वाटलं, किती गोड.

रविवारी स्टेशनवर त्या आल्या तेव्हा मी ओळखलंच नाही. हिरवी नारायणपेठ, कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र, वर तोच करडा कोट. इतक्या दिवसांत मी त्यांना दिवाळीतही साडीत बघितलं नव्हतं. "आज काय विशेष?" म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पेटीत पडून चिरत होती." हातात स्टीलचा मोठा डबा होता. प्रवासात त्यांचा डबा गाडी सुटण्याआधी उघडायचा, तो त्या दिवशी मांडीवरून हललाही नाही. बाहेर उतारांवर द्राक्षांचे मळे लागले, निनाद काचेला नाक लावून ओरडत होता, आणि शैलाताई गप्प. मला वाटलं, गाडी लागली असेल.

हाइलब्रॉनच्या थोडं पुढे, विम्फेनला उतरलो. प्रसादने काकांचं ऐकून बाबागाडी वळशाच्या रस्त्याने घ्यायची म्हटलं. शैलाताई पायऱ्यांनी गेल्या. साडी एका हाताने उचलून, न थांबता. आम्ही वर पोचलो तेव्हा त्या आमची वाट बघत होत्या.

गाव चित्रासारखं होतं, यात शंका नाही. दगडी फरसबंदीच्या उतरत्या गल्ल्या, पांढऱ्या भिंतींत तिरक्या-उभ्या काळपट लाकडांची नक्षी, प्रत्येक खिडकीत लाल जिरेनियम, घरं एकमेकांवर रेलून बसल्यासारखी. मी दर दहा पावलांवर फोटो काढत होते. शैलाताई एकाही घराकडे बघत नव्हत्या. त्या माणसांचे चेहरे बघत होत्या. बटणंसुद्धा नाही, चेहरे.

दगडी कमानींपाशी आलो. जुन्या राजवाड्याची तेवढीच एक भिंत उरलीय. तिच्यातल्या कमानींतून खाली नेकार दिसत होती, काका म्हणाले होते तशीच. समोर बाक होतं, तिथे त्या बसल्या. "तुम्ही बुरुज चढून या. माझे गुडघे नाहीत चालायचे."

मघाशी पायऱ्या सरसर चढलेल्या बाईचे गुडघे. मला तेव्हाही काही कळलं नाही.

आम्ही बुरुज चढलो, उतरलो, एका बेकरीतून प्लमचा केक घेतला. परत आलो तर त्या तशाच, डबा मांडीवर धरून. केक नको म्हणाल्या. "बसा जरा माझ्याजवळ," एवढंच म्हणाल्या. त्यात विनंती होती.

आणि मग गल्लीच्या वळणावरून घोड्याच्या खिंकाळण्याचा आवाज आला. खरा घोडा नव्हे. माणूस घोडा झालेला. कर्णिककाका. खांद्यावर भुऱ्या कुरळ्या केसांची अडीच-तीन वर्षांची मुलगी, तिने त्यांचे कान धरलेले, आणि काका मान उडवत, खिंकाळत, टापा आपटत येत होते. मागून एक तरुणी रिकामी बाबागाडी ढकलत हसत येत होती. तिचं कपाळ, तिची हनुवटी, सगळं शैलाताईंचं.

"अरे, काका!" प्रसाद आनंदाने ओरडला. त्या बिचाऱ्याला अजून काहीच उमगलं नव्हतं. "तुम्ही इथे!"

काका जागच्या जागी थांबले. शैलाताई उभ्या राहिल्या होत्या.

"शैला," काका म्हणाले. "तू... कशी इथे?"

त्यांनी काकांकडे बघितलंच नाही. मेधाकडे बघत होत्या. मेधाचा चेहरा उजळला, मग गोंधळला. "आई? तू आलीस? दोख?" 'शेवटी आलीसच ना' अशा अर्थाचा तो जर्मन शब्द तिच्या तोंडून आपसूक निघाला. "बाबा म्हणाले होते, तू तयार नाहीस. दर वेळी विचारते मी. दर वेळी म्हणतात, आई नाही म्हणाली."

"मला कुणी विचारलं?" शैलाताई म्हणाल्या.

वरून ती छोटी काकांच्या केसांत बोटं घालत वाकली. "आबा, वेअर इस्ट दी फ्राऊ?" मला एवढं जर्मन येत होतं. आबा, ही बाई कोण?

आबांच्या भुवया नुसत्या वर गेल्या. शेवटी शैलाताई दोन पावलं पुढे झाल्या आणि मान वर करून त्या मुलीला म्हणाल्या, "इश बिन शैला. मी शैला. आणि तुझं नाव काय?"

"मीरा," ती म्हणाली, आणि लाजून काकांच्या डोक्यामागे लपली.

त्या तिला 'मी आजी' म्हणाल्या नाहीत. ते मला अजून आठवतं.

मेधा आता रडत होती आणि चिडलीही होती. "बाबांनी खोटं सांगितलं, कबूल. पण तू तरी कुठे शोधलंस मला? तू फोन ठेवलास, आई. मी 'आई' म्हटलं आणि तू ठेवलास."

"ठेवला," शैलाताई म्हणाल्या. एवढंच. ह्यांनी ठेवायला लावला, असं त्या म्हणाल्या नाहीत, शेजारी तो माणूस उभा असूनही.

काकांनी मीराला खाली उतरवलं. "शैला, हे आपण घरी बोलू."

तेव्हा शैलाताईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. "कुठल्या घरी?"

त्यांनी हातातला डबा मेधाच्या बाबागाडीच्या जाळीत ठेवला, मला म्हणाल्या, "चल, अनघा, गाडी मिळेल," आणि उताराला लागल्या. मेधा "आई, थांब ना," म्हणून दोन पावलं आली, पण मीरा रडायला लागली होती, ती वळली.

परतीच्या गाडीत काका नव्हते. शैलाताई खिडकीशी बसून होत्या. लुडविग्सबुर्ग यायच्या जरा आधी त्या बोलल्या. "मूल झालं तेव्हा तिने ह्यांच्या ऑफिसात फोन केला असणार. घरी करायची सोय मी ठेवलीच नव्हती." मग म्हणाल्या, "बाबागाडी उचलावी लागते, म्हणाले. क्लबातल्या म्हाताऱ्यांकडे कुठली आली बाबागाडी? तेव्हाच ओळखलं मी. पण मला वाटलं होतं, फार तर लांबून बघत असतील. चोरून. मी म्हटलं, आपण दोघं मिळून बघू."

मी त्यांचा हात धरला.

"उपास दोघांचा होता ना?" त्या म्हणाल्या. "मी इथे उपाशी. आणि हा माणूस बाहेर जेवून येत होता. वर मी डबा करून देत होते."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला आधी सांगितलं नाही, राग मानू नका. एकटीने जायचं धाडस नव्हतं गं."

राग कसला मानायचा. पण घरी आल्यावर प्रसाद बराच वेळ बूट न काढता तसाच बसून राहिला. तो काकांना फार मानायचा. नोकरीत अडचण आली की त्यांचा सल्ला घ्यायचा. "इतका सरळ माणूस," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

तो सरळ माणूस पुढच्या आठवड्यात आमच्या दारात आला, वेळ न ठरवता. असं कधी झालं नव्हतं. शैलाताईंनी मेधाच्या बंद खोलीत आपलं अंथरूण हलवलं होतं. स्वयंपाक करत होत्या, कपडे धूत होत्या, फक्त काकांना हाक मारणं बंद केलं होतं. "जेवण झालंय," असं भिंतीला सांगायच्या. तो 'अहो' घरातून गेला होता.

"तू सांग तिला," काका मला म्हणाले. "तुझं ऐकेल."

"काय सांगू, काका?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "पोरीचा आवाज ऐकला फोनवर. मागून बाळ रडत होतं. गेलो मी. नाही राहवलं. पुढच्या रविवारी शैलाला सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. पण मीच बोललेलं ना ते. तिच्यासमोर, जेवणाच्या टेबलाशी. ते तिच्यासमोर मागे कसं घ्यायचं? ती मला काय समजते, तुला माहीत आहे."

"आणि मेधाला का सांगितलंत, आई येत नाही म्हणून?"

"काहीतरी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

मी तो निरोप शैलाताईंना जसाच्या तसा सांगितला. त्या दुकानात मोत्यांची बटणं रंगाप्रमाणे पेट्यांत लावत होत्या. ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्या शब्दाची पत राहावी म्हणून माझी लेक गेली." आणि गिऱ्हाईक आलं तिकडे वळल्या.

पुढचं सगळं सावकाश झालं, आणि गोड झालं असंही नाही. शैलाताई विम्फेनला जायला लागल्या. पहिल्यांदा मेधाने कॉफी दिली आणि दोघी अर्धा तास हवामानावर बोलल्या. दुसऱ्या वेळी भांडण झालं. योखेन मध्ये पडला नाही, पण शैलाताई निघाल्या तेव्हा त्यांना गाडीने स्टेशनवर सोडायला आला आणि वाटेत म्हणाला, तुमच्या डब्यातल्या चकल्या फार छान होत्या, मी सगळ्या एकट्याने खाल्ल्या. "बरा आहे मुलगा," त्या मला म्हणाल्या. "शर्टाला बटणं मात्र एक धड नाही." मीरा जर्मनशिवाय एक शब्द बोलत नसे. मराठी कळायचं तिला, आबांमुळे. पण ती त्यांना बरेच महिने 'शैला' म्हणायची, बरोबरीच्या मैत्रिणीसारखी. आबा मात्र पहिल्यापासून आबा होते. यातलं शैलाताईंना काय लागलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. एकदाच म्हणाल्या, "ती रांगली कधी, बोलली कधी, पहिला दात कधी आला, सगळं ह्यांना माहीत आहे. मी ते कुणाकडून ऐकू?"

काका एका रविवारी जायचे, त्या दुसऱ्या. बरोबर कधीच नाही. मेधाने दोघांना एकदम वाढदिवसाला बोलावलं, तेव्हा त्या गेल्या नाहीत.

काही वर्षांनी प्रसादची पुण्याला बदली झाली. निघायच्या आठवड्यात आम्ही काही सामान पोचवायला स्टुटगार्टच्या मोठ्या स्टेशनवर गेलो होतो. रविवार होता. हाइलब्रॉनच्या गाडीच्या फलाटावर मला तो करडा कोट दिसला. मी हाक मारणार होते, तेवढ्यात मागे काका दिसले. ते थकले होते, जरा वाकलेही होते. त्यांच्या हातात शैलाताईंची पिशवी होती, बहुतेक घरापासून तेच घेऊन आले होते. दोघं एकमेकांपासून चार पावलांवर चालत होती.

डब्याच्या दाराशी शैलाताई थांबल्या. काकांनी पिशवी पुढे केली. त्यांनी ती घेतली, आणि अनोळखी माणसाने वाटेत मदत केल्यावर म्हणावं तसं, अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "डांकं शोन."

त्या आत चढल्या. गाडी हलली. काका फलाटावर उभे होते. वळले तेव्हा मी समोर. गाडी गेली त्या दिशेने हात करून ते म्हणाले, "बरं झालं. खिडकीची जागा मिळाली तिला."